शुक्रवारची यादी आणि साडूंचं बिल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ४९, सीए, रबाळे एमआयडीसीतल्या औद्योगिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कौटुंबिक कंपनीत सहा वर्षं सीएफओ, म्हणजे वित्त विभागाचे प्रमुख. दोन मोठ्या ग्राहकांकडे कंपनीचे पैसे अडकलेत, बँकेचं सीसी लिमिट (रोजच्या खर्चासाठीच्या उचलीची मर्यादा) काठोकाठ वापरलं गेलंय, आणि दर शुक्रवारी कुणाचं पेमेंट सोडायचं नि कुणाचं थांबवायचं ही यादी तेच करतात. त्यांच्या साडूंचं वागळे इस्टेटमध्ये सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. हे कंपनीत येण्याच्या आधीपासून साडू तिथे व्हॉल्व्हचे स्पिंडल पुरवतात. त्यांची १८ लाख ८८ हजारांची बिलं चार महिने थकली आहेत. "सीएफओने आपल्या माणसाचे पैसे काढून घेतले असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्यांचं नाव मुद्दाम मागे ठेवत आलो," असं ते लिहितात. मेहुणीने दागिने गहाण ठेवल्याचं त्यांना बायकोकडून कळलं. साडू स्वतः पैशांबद्दल अवाक्षर बोललेले नाहीत. पण गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुमच्या पर्चेस खात्याने दुप्पट मालाचं शेड्यूल दिलंय. आणखी एक मशीन कर्जावर घेतोय. घेऊ ना?" हे "बघा" एवढंच म्हणाले. पत्राचा शेवट असा: "सांगितलं तर कंपनीशी बेइमानी, नाही सांगितलं तर घराशी. बायको माझ्याशी धड बोलत नाही. राजीनामा देऊन मोकळा होऊ का?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दावर अडले: "मुद्दाम". साडूंचं नाव तुम्ही मुद्दाम मागे ठेवलंत. राजीनामा आणि बेइमानी या मोठ्या शब्दांच्या गर्दीत हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, जणू ती तुमच्या सचोटीची साक्ष आहे. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

समजा, साडूंच्या जागी कुणी परका असता. चार महिने जुनं बिल, माल पास झालेला, रिजेक्शन नाही, आणि पुढच्या उत्पादनाला त्याच्याच स्पिंडलची गरज. मग तुम्ही त्याला यादीत कितवा धरला असता? सहा वर्षं तुम्ही ही यादी करता आहात, त्यामुळे उत्तर तुम्हाला लगेच सुचलं असेल. त्या जागेपासून तुम्ही साडूंना जेवढं खाली ढकललंत, तेवढा त्यांच्यावर अन्याय झाला. आपल्या माणसाला झुकतं माप देणं जसं चूक, तसंच आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून त्याच्या मापात कमी घालणंही चूक. तुमच्या निष्कलंक नावाची किंमत गेले चार महिने साडू भरताहेत, आणि मेहुणीच्या दागिन्यांवरून दिसतं की ती आता त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहे.

हे कठोर वाटलं तर माफ करा. तुम्ही लबाड असतात तर हे पत्र लिहिलंच नसतं. मीही सत्तावीस वर्षं कारखान्यांच्या फायनान्स खात्यात काढली आहेत, आणि ही चूक नेमकी सरळ माणसांच्या हातून होते हे पाहिलं आहे.

त्या काळातली एक गोष्ट सांगते. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत मी तेव्हा अकाउंट्सला होते. पॅकिंगची लाकडी खोकी पुरवणारे एक गृहस्थ दर शुक्रवारी चारच्या सुमारास यायचे. रिसेप्शनच्या खुर्चीत पुढच्या कडेवर बसायचे, चहाला नको म्हणायचे. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात बिलांच्या कार्बन कॉप्या, आणि खिशात छोटी डायरी. मी आतून निरोप द्यायचे, "पुढच्या शुक्रवारी नक्की." असे सहा की सात शुक्रवार गेले. एकदा जिन्यात समोरासमोर आलो. ते रागावले नाहीत. डायरी उघडून त्यांनी मला पान दाखवलं. प्रत्येक शुक्रवारपुढे माझं नाव होतं आणि त्याखाली ज्यांना त्यांनी माझ्या शब्दावर शब्द दिला होता त्यांची नावं: लाकडाच्या वखारीचा मालक, टेम्पोवाला, दोन सुतार. "मॅडम, नाही म्हणा," ते म्हणाले, "नाही म्हणालात तर मी त्यांना नाही सांगेन. पण तारीख देऊ नका."

त्यानंतर मी कुणाला खोटी तारीख दिली नाही. आणि आपण संगणकावर ज्याला क्रेडिटर एजिंग म्हणतो, म्हणजे कुणाचं देणं किती दिवस थकलंय याची यादी, त्यातल्या एकेका ओळीखाली अशी चार-पाच नावं असतात, हेही विसरले नाही. साडूंच्या १८ लाख ८८ हजारांच्या ओळीखाली कोण आहे? मशीनवरची दोन पोरं असतील, स्टीलचा व्यापारी असेल, गाळ्याचं भाडं असेल. शिवाय सरकार आहे. १८ टक्क्यांनी त्या बिलांतले २ लाख ८८ हजार जीएसटीचे. त्यांच्या स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाऊन जे उरलं ते त्यांनी केव्हाच भरलंय, कारण कर बिलावर लागतो, पैसे येवोत न येवोत. तुमच्या कंपनीने मात्र त्याच बिलांचं क्रेडिट घेऊन वापरलं असणार.

आता तुम्ही मांडलेला पेच बघू. सांगितलं तर कंपनीशी बेइमानी, नाही सांगितलं तर घराशी. यातलं पहिलं बरोबर आहे. कंपनीचं लिमिट किती उरलंय, कुठले ग्राहक अडलेत, मालक काय ठरवताहेत, यातलं काहीही साडूंना सांगायचं नाही. सूचकपणे नाही, बायकोमार्फतही नाही. (कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असती तर अशी आतली माहिती बाहेर देणं सेबीच्या २०१५ च्या नियमांखाली थेट गुन्हा ठरू शकला असता. नोंदलेल्या कंपन्यांत असलेल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.) ही मर्यादा तुम्ही पाळलीत, त्याचा मला आदर आहे.

पण साडूंना काही कळायचं बाकी आहे हे तुम्ही धरून चालला आहात, ते तपासा. चार महिने बिलं थकली आहेत ही माहिती कुणाची? ती त्यांचीच आहे. उशिरा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं लक्षण वर्कशॉपवाल्याला शिकवावं लागत नाही. तरीही ते दुप्पट शेड्यूल घ्यायला आणि वर कर्ज काढायला निघाले आहेत, ते कशाच्या जोरावर? मला वाटतं, तुमच्या. "आपला माणूस तिथे बसलाय, कंपनीचं काही वाईट असतं तर त्याने सांगितलं असतं." तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी सगळं ठीक आहे असा लावला. कुठल्याही कागदावर सही न करता तुम्ही त्यांच्या उधारीचे जामीनदार होऊन बसला आहात.

ही जामीनकी तुम्ही उठवू शकता, आणि त्यासाठी कंपनीचं एक अक्षरही बाहेर जात नाही. साडूंना सांगा: "भाऊ, मी कंपनीबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू शकत नाही, आणि यापुढेही बोलणार नाही. तेव्हा मी तिथे आहे हे हिशेबात धरू नका. मी नसतो तर या गिऱ्हाइकाच्या भरवशावर तुम्ही मशीन घेतलं असतं का, एवढंच स्वतःला विचारा." त्यांनी खोदून विचारलं तर हेच वाक्य परत म्हणा. यातूनही ते काहीतरी ओळखतील अशी भीती वाटेल. ओळखू देत. जे ओळखतील ते स्वतःच्या थकलेल्या बिलांवरून. हेच उत्तर तुम्ही कंपनी तेजीत असतानाही द्यायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वी रुजू झालात तेव्हाच दिलं असतंत तर आज ते जड गेलं नसतं. तुमच्यासारख्या पदावर नव्याने बसणाऱ्या आणि नात्यात पुरवठादार असलेल्या प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात घरी हे बोलून टाकावं.

आता कंपनीच्या आतलं. माझ्या मते खरी लढाई तिथे आहे, आणि तुम्ही ती अजून लढलेला नाही.

तुमच्या पर्चेसने साडूंना दुप्पट शेड्यूल दिलं. चार महिने ज्याचे पैसे दिले नाहीत, त्याच्याकडून दुप्पट माल मागवणारा कागद कंपनीबाहेर गेला, आणि तिजोरीची खबर असलेला माणूस "बघा" म्हणाला. सीएफओच्या कामाबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे की तो पैसे देणारा, अडवणारा, बँकेशी बोलणारा माणूस. ऑर्डर देणं पर्चेसचं काम. पण जी ऑर्डर आपण फेडू शकत नाही ती बाहेर जाऊ न देणं हे सीएफओचंच काम आहे. आणि फक्त साडूंना नव्हे, त्याच आठवड्यात आणखी किती गाळ्यांमध्ये असं शेड्यूल गेलं असेल? वागळे इस्टेटमधले मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली, तरी गाळ्या-गाळ्यांतून लेथ आणि सीएनसी अजून फिरताहेत, आणि त्यातल्या कित्येकांचं एकच मोठं गिऱ्हाईक असतं.

तेव्हा मालकांची वेळ घ्या. केबिनमध्ये येता-जाता नको, तासभर बसून. सोबत पुढच्या तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता न्या: कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, कुठे कमी पडणार. येणी धरताना आशेवर जाऊ नका, त्या दोन ग्राहकांचे पैसे आलेच नाहीत असं धरून एक तक्ता वेगळा करा. त्याबरोबर एका पानावर पैसे देण्याचा क्रम लिहून न्या. पगार पहिले. मग पीएफ, टीडीएस, जीएसटी, कारण ते पैसे कंपनीचे नव्हतेच, दुसऱ्यांचे आपल्याकडे ठेवलेले आहेत. वीज, बँकेचे हप्ते. त्यानंतर सूक्ष्म आणि लघु पुरवठादार, सगळ्यात जुनं बिल आधी. मग बाकीचे. हा क्रम मालकांच्या सहीने ठरू दे. आज तो तुमच्या डोक्यात आहे, म्हणून दर शुक्रवारी तुम्ही एकटे न्यायाधीश होता आणि एकटेच गुन्हेगार ठरता.

मालकांपुढे साडूंची कणव मांडू नका, आकडे मांडा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं, आणि ते व्याज करासाठी खर्च म्हणून धरता येत नाही. त्यात आयकराची ती तरतूद, जिला सगळे ४३बी(एच) म्हणून ओळखतात आणि जी आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आली: मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळते. साडूंच्या १६ लाखांच्या मूळ रकमेवर, कंपनी २५.१७ टक्क्यांनी कर भरत असेल तर, हा सुमारे ४ लाखांचा कर आधीच खिशातून जातो. आणि १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते २ लाख ८८ हजारांचं जीएसटी क्रेडिटही व्याजासकट परत करावं लागतं. चार महिने गेलेत, म्हणजे दोनच उरलेत. छोट्यांना थांबवणं हे फुकटचं भांडवल वाटतं, पण बेरीज मांडली की ते बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडतं.

अजून एक कागद तुमच्या टेबलावर येत असेल. एमएसएमई-१ हा फॉर्म, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर. ४५ दिवसांवर थकलेल्या पुरवठादारांची नावं, रकमा, आणि उशिराचं कारण लिहायचा रकाना. साडूंच्या नावापुढे खरं कारण काय लिहाल? ते लिहिता येत नाही, यातच सगळं आलं.

मालकांशी बोलताना पहिल्या पाच मिनिटांत नातं लेखी जाहीर करा. कंपनी कायद्यातल्या नातेवाइकांच्या व्याख्येत साडू बसत नाही, हे तुम्ही जाणताच. पण मालकांना ते माहीत असलं तरी कागदावर असू दे, आणि साडूंच्या खात्याचं प्रत्येक पेमेंट यापुढे तुम्ही मंजूर करायचं नाही, ठरलेल्या क्रमाने दुसऱ्या कुणी करायचं, असं त्याच कागदात लिहा. मग त्यांचं बिल नंबराप्रमाणे निघालं आणि कुणी कँटीनमध्ये कुजबुजलं, तर कुजबुजू देत. तुमच्याकडे कागद आहे.

पैसे एकदम निघणार नाहीत. तेव्हा छोट्या पुरवठादारांना टप्प्याने द्या, पण जी तारीख द्याल ती पाळता येईल तीच द्या, आणि फोन तुम्ही स्वतः करा, असिस्टंटला लावायला सांगू नका. कंपनी ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या पुरवठादारांची बिलं वटवणाऱ्या ऑनलाइन मंचावर, असेल तर बिलं तिथे चढवता येतात, म्हणजे पुरवठादाराला वित्तसंस्था आधी पैसे देते आणि कंपनी ठरल्या तारखेला तिला देते. मात्र कंपनीची पत घसरली असली की तिथे बोली लावायला कुणी पुढे येत नाही, त्यामुळे हा रस्ता बंद होण्याआधीच वापरायचा असतो. बँकेचंही तसंच. हप्ता चुकल्यावर गेलेल्या माणसाला बँक वेगळं वागवते, आणि दोन महिने आधी तक्ता घेऊन गेलेल्याला वेगळं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, तरी विचारते: बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा तपशील) आणि तुमची पुस्तकं जुळतात ना? पाच कोटींहून मोठं लिमिट असेल तर हे जुळतं की नाही हे ऑडिटरला आता अहवालात लिहावं लागतं. तिथे काही वाकवलं असेल तर या पत्रातली बाकी सगळी चर्चा बाजूला ठेवा आणि आधी ते सरळ करा.

राजीनाम्याबद्दल. आज दिलात तर काय होईल ते बघा. नोटीस पिरियडमध्ये यादी तुम्हीच कराल, आणि मग तुमच्या जागी येणारा साडूंना ओळखणारही नाही. साडूंचे पैसे त्यामुळे लवकर निघणार नाहीत, आणि मेहुणीचे दागिनेही सुटणार नाहीत. तुमच्या मनावरचा भार तेवढा उतरेल. तेही लहानसहान नाही, मी जाणते. रात्री दोन वाजता उठून मनातल्या मनात येणी-देणी जुळवत बसायचं, हे मीही केलंय. पण तुम्ही अजून मालकांना सरळ विचारलेलंच नाही. विचारा. त्यांनी क्रम मान्य केला, नवीन शेड्यूलं थांबवली, तर तुमची तिथे गरज आहे, आणि त्या गाळ्यांमधल्या माणसांनाही आहे. त्यांनी "छोट्यांना फिरवत राहा, माल आणत राहा" असं सांगितलं, किंवा बँकेला खोटं दाखवायला सांगितलं, तर मग माझं उत्तर हो आहे: निघा. तुमच्या हरकतीचा मेल पाठवून, ताबा नीट देऊन, शांतपणे. ४९ व्या वर्षी, अनुभवी सीएला ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात काम मिळतं. पद आणि पगार कदाचित कमी असेल. त्याची तयारी बायकोला सांगून ठेवा.

आणि बायको. तिला कंपनीची स्थिती सांगता येत नाही, म्हणून तुम्ही तिच्याशी काहीच बोलत नाही, असं मला पत्रावरून जाणवलं. पण यातली एक गोष्ट कंपनीची नाही, तुमची आहे: नाव मागे ठेवण्याचा निर्णय. तो तिला सांगा. "लोक काय म्हणतील म्हणून मी त्यांना मागे ठेवलं, ते चुकलं." तिचा राग बिल निघालं नाही यापेक्षा तुम्ही परक्यासारखे वागलात यावर असावा, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर ती तुम्हाला सांगेलच.

दागिन्यांचं काय? तुमच्या स्वतःच्या शिलकीतून ते सोडवायला पैसे देता येत असतील तर द्या. तो तुमचा घरचा व्यवहार आहे, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त ते बिलाच्या बदल्यात आहेत असं वाटू देऊ नका, आणि स्वतः पाकीट घेऊन जाऊ नका. ज्या माणसाने चार महिने तुमच्याकडे पैशाचा विषय काढला नाही, तो तुमच्या हातून घेणार नाही. बहीण बहिणीला देईल, आणि ते दोघींमध्येच राहू दे.

शेवटी, वेळेचं. मालकांकडे जायला चार दिवस लागले तरी चालतील, तक्ता नीट होऊ दे. साडूंकडे मात्र याच आठवड्यात जा, मशीनच्या कर्जाचे कागद व्हायच्या आत. घरी नको, तिथे सगळे असतात. रबाळेहून ठाण्याची गाडी पकडा, स्टेशनवरून रिक्षा करा आणि संध्याकाळी वर्कशॉपवर पोहोचा. मशीन चालू असेल तर बंद होईपर्यंत थांबा.